सरवदे काकांचा रविवार

पत्ते खेळायला बसण्याआधी सरवदे काका हात धुतात. मग टेबल आधी ओल्या फडक्यानं पुसतात, नंतर कोरड्या. मग शर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढतात आणि समोरच्याच्या गठ्ठ्याची जाडी मोजतात. व्हर्नियर म्हणजे ते दोन जबड्यांचं, मोजमापाचं स्टीलचं हत्यार. तुम्ही-आम्ही अकरावीच्या प्रॅक्टिकलला ते एकदा हातात धरलं आणि सुटलो. काका सुटले नाहीत.

"काका, पत्ते सरळ मोजा ना," मी पहिल्यांदा म्हणालो होतो.

"पन्नास पत्ते मोजायला एक मिनिट. जाडी बघायला पाच सेकंद. एक पत्ता जास्त असला की लगेच कळतं. निखिलराव, असं एकेक मोजत बसलो असतो तर गाड्या रस्त्यावर कधी आल्या असत्या?"

जाडी बरोबर भरली की काका "ओके" म्हणतात, नाही भरली की "एनजी". एनजी म्हणजे नॉट गुड. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या प्रत्येक वस्तूला या दोनांपैकी एक शिक्का बसतो, आणि काका तो घरी येतानाही बरोबर घेऊन येतात. आमच्या लिफ्टचं दार एनजी, समोरच्या टपरीवरचा चहा सकाळी ओके आणि संध्याकाळी एनजी. माझ्या लग्नाचा अल्बम त्यांनी शेवटच्या पानापर्यंत मन लावून पाहिला आणि म्हणाले, "फोटो ओके. बायंडिंग एनजी." दोन महिन्यांत पानं सुटी झाली, ते सोडा.

काका चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इन्स्पेक्टर आहेत. लाइनच्या अगदी शेवटच्या टेबलावर बसतात. तिथून पुढे माल थेट खोक्यात जातो, म्हणजे काकांच्या नंतर बघणारं कुणी नाही. त्यामुळे त्यांचं एक वाक्य ठरलेलं आहे: "माझ्या टेबलावरून चूक पुढे जात नाही." हे वाक्य ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतात, भाजीवाल्याला म्हणतात, आणि एकदा दातांच्या डॉक्टरला म्हणाले होते.

आता त्यांच्या सुट्टीचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या सुट्टीची आहे. त्यांची कंपनी आधी भोसरीला होती आणि भोसरीत कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. पुढे कंपनी चाकणला गेली, तर मशिनं, माणसं आणि गुरुवार असं सगळं बरोबर घेऊन गेली. काकांना कंपनीत सव्वीस वर्षं झाली. लहानपणी कामगार वसाहतीत राहायचे तेव्हा याची अडचण नव्हती, तिथं आख्ख्या गल्लीचा रविवार गुरुवारीच यायचा. वडील कारखान्यात, शेजारी कारखान्यात, समोरचाही कारखान्यात. पण आता काकांनी पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला, आणि आमची सोसायटी म्हणजे सगळी हिंजवडीला जाणारी मंडळी. आमचे शनिवार-रविवार ठरलेले. काकू शाळेत शिकवतात, मुलगी प्रज्ञा इंजिनिअरिंगला आहे. म्हणजे गुरुवारी सकाळी साडेनऊनंतर आमच्या बिल्डिंगमध्ये जागा असलेला आणि रिकामा असलेला पुरुष एकच.

रिकामा माणूस काय करणार? इन्स्पेक्शन. गुरुवारी काका पायऱ्यांनी सात मजले चढायचे आणि आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा वाचत खाली यायचे. वॉचमनचं रजिस्टर तपासायचे. पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून बघायचे. आमचा वॉचमन त्या दिवशी पहिल्या मजल्यावर कुणाची तरी बेल वाजवायला म्हणून जायचा आणि तासभर यायचाच नाही.

माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती लाइट गेल्यामुळे. आपल्याकडे दुरुस्तीच्या कामासाठी लाइट घालवायची ती गुरुवारीच, आणि मी घरून काम करायचो तेही गुरुवारीच, कारण त्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून माझी सुटका असे. एका गुरुवारी दहाला लाइट गेली, अकराला लॅपटॉपनं मान टाकली. मी आणि ओंकार, म्हणजे माझ्याच कंपनीतला, पलीकडच्या विंगमध्ये राहणारा आणि गुरुवारी घरूनच काम करणारा माझा मित्र, आम्ही गॅलरीत टेबल ओढून पत्ते काढले. ओंकारनं नुकताच एक खेळ आणला होता. ते रमी-बदामसातचे पत्ते नव्हेत. दोघांचे दोन किल्ले असतात, सरदार असतात, धान्य असतं, फितुरी असते. खोक्यातल्या शेकडो पत्त्यांमधून आपण आधी घरी बसून पन्नास निवडायचे, आपला गठ्ठा बांधायचा, आणि मग लढायचं. ज्याचा किल्ला पडला तो हरला.

तेवढ्यात काका आले. "तुमच्या मीटरचं सील बघायचंय," म्हणाले, आणि टेबलाकडे बघत उभेच राहिले.

ओंकारनं खेळ समजावून सांगितला. काकांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "पत्ते कसे मिळतात? बंद पाकिटात, नशिबानं?"

"नाही काका. तसले खेळ वेगळे. यात सगळ्यांना तेच खोकं. तीन-चार महिन्यांनी नवीन छोटा डबा येतो, त्यातही सगळ्यांना तेच पत्ते. म्हणून याला जिवंत खेळ म्हणतात, वाढत जातो."

"म्हणजे कच्चा माल सगळ्यांना सारखा," काका म्हणाले. "फरक पडणार तो कामात." आणि त्यांनी खुर्ची ओढली. न बघता पाकीट विकत घेणं म्हणजे तपासणी न करता ट्रक उतरवून घेणं, असं त्यांचं मत त्या दिवशी आम्हाला कळलं. मीटरचं सील बघायचं राहून गेलं.

त्यानंतर एकही गुरुवार सुटला नाही. लाइट असो-नसो, सव्वादहाला बेल वाजायची. मी कॉलवर असलो तर काका समोर बसून खुणांनी खेळायचे. एकदा मात्र घोटाळा झाला. आमच्या मोठ्या क्लायंटला नवीन ॲप दाखवणं चालू होतं, मी आवाज बंद करायला विसरलो, आणि ऐन वेळी काका माझ्या चालीकडे बघून स्वच्छ आवाजात म्हणाले, "एनजी. हा माल पास होणार नाही." क्लायंट परदेशातला, त्याला फक्त एनजी कळलं. त्यानं विचारलं, नक्की कुठे प्रॉब्लेम आहे? माझा मॅनेजर नागपूरचा, त्याला सगळंच कळलं. त्यानं वेळ मारून नेली, पण त्यानंतर कॉल सुरू झाला की विचारायचा, "क्वालिटीवाले बसलेत का बाजूला?"

ओंकार आणि मी टाइमपास म्हणून खेळत होतो. काकांनी आम्हाला कामाला लावलं. कुठला पत्ता कधी दगा देतो याचा तक्ता माझ्या फ्रिजवर चिकटला. वाकलेल्या पत्त्याला लाल खूण. आणि हरलेल्या माणसाची चौकशी. काकांच्या कंपनीत बिघाड झाला की पाच वेळा "का" विचारतात, म्हणजे मूळ कारण सापडतं. तेच आमच्या गॅलरीत.

"ओंकारराव, का हरलात?"

"धान्य संपलं."

"का संपलं?"

"दोन सरदार एकदम उतरवले."

"का उतरवले?"

"घाई झाली, काका."

"का झाली?"

"भूक लागलीये."

"का लागलीये?"

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "सकाळी बायकोशी वाजलं. नाश्ता न करता निघालो."

काकांनी वही काढून लिहिलं: 'उपाय – घरी जाऊन मिटवणे. जबाबदारी – ओंकार. मुदत – आज.' आणि खरंच त्याला उठवून घरी पाठवलं. पुढच्या गुरुवारी बसताक्षणी विचारलं, "क्लोज झालं?" ओंकार हो म्हणाला तेव्हाच पत्ते काढले.

तर असे सहा-सात महिने गेले, आणि पिंपळे सौदागरमधल्याच एका गेम कॅफेत या खेळाची स्पर्धा जाहीर झाली. सोळा जण, हरला तो बाहेर. ओंकारनं फोनवर जाहिरात दाखवली. काकांनी चष्मा वर करून वाचली. वार रविवार.

"तुम्ही जा," काका म्हणाले. "आमचा रविवार गुरुवारी असतो."

हे वाक्य त्यांनी आधीही बऱ्याचदा हसत म्हटलेलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी जाहिरात पुन्हा मागून घेतली. दोन चाली झाल्या, तिसऱ्या चालीला पत्ता हातात धरूनच थांबले. "निखिलराव, मला एकदा अनोळखी माणसासमोर बसायचंय. जिंकायचं वगैरे नंतर बघू. रविवारी, सगळे बाहेर पडतात तेव्हा. गर्दीत." म्हणजे काकांना काय हवं होतं ते इतकं साधं होतं. मला उगीचच अपराध्यासारखं वाटलं, कारण मी माझे निम्मे रविवार झोपून काढतो.

"मग रजा टाका की," मी म्हणालो.

काकांनी रजा टाकली. आता माणूस अशा वेळी काय लिहितो? घरगुती काम. काकांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पत्ते खेळायचे आहेत.'

"का लिहिलंत असं?" आम्ही कपाळाला हात लावला.

"घरगुती काम नव्हतं ना."

दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबानं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं, पाणी दिलं. "सरवदे काका, किती दिवसांपासून लागलंय हे? घरी माहीत आहे?" असं फार मायेनं विचारलं आणि व्यसनमुक्तीची एक घडीपत्रिका हातात ठेवली. काकांनी ती पूर्ण वाचली, घडी वाकडी पडलीये असं सांगून परत केली, आणि दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत आख्खं खोकं घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबाचा किल्ला वीस मिनिटांत पाडला. रजा मंजूर झाली, आणि साहेब आता परतीचा सामना मागतोय.

रविवार उजाडला आणि सव्वासहाला माझी बेल वाजली. दारात काका, कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, डब्याची पिशवी घेऊन.

"काका, दहाला आहे. आणि हे कपडे?"

"मी रोज याच वेळी, याच कपड्यांत निघतो."

"म्हणजे घरी सांगितलं नाहीत?"

"निघतो म्हणालो. ते खरं आहे. कुठे, ते कुणी विचारलं नाही." मग जरा अवघडून म्हणाले, "या वयात पत्त्यांच्या स्पर्धेला चाललोय म्हटलं तर प्रज्ञा हसेल." असं म्हणून पावणेदहापर्यंत माझ्या सोफ्यावर ताठ बसून राहिले. मी परत झोपलो. झोप लागली नाही.

कॅफेत काका युनिफॉर्ममुळे उठून दिसत होते. एकानं त्यांना एसी दुरुस्तीवाले समजून बंद पडलेला एसी दाखवला, तर काकांनी आधी तो बघितला. पण टेबलावर बसले आणि त्यांचा चेहरा बदलला. समोर हिंजवडीत काम करणारी एक मुलगी होती, पहिल्यांदाच स्पर्धेला आलेली. काकांनी परवानगी विचारून गठ्ठ्याची जाडी घेतली. "ओके," म्हणाले. ती हसली.

काका छान खेळले. हे मी मैत्रीपोटी सांगत नाही. माझा सामना लवकर संपला, मी हरलो, त्यामुळे मी त्यांच्या मागे उभा राहून सगळं पाहत होतो. अर्ध्या तासात काकांनी तिचा किल्ला खिळखिळा करून टाकला. तिच्याकडे कोठार नावाचा पत्ता उतरलेला होता. तो असला की प्रत्येक चालीच्या सुरुवातीला एक धान्य जास्त घेता येतं. घ्यायचं विसरलं तर गेलं. आणि ती विसरली. समोरच्याचं लक्ष गेलं नाही तर त्यात आपलं भलं असतं, स्पर्धेत असंच असतं.

"मॅडम," काका म्हणाले, "तुमचं कोठार."

तिनं धान्य घेतलं. पुढच्या चालीला पुन्हा विसरली, काकांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा पंच जवळ आला. "काका, आठवण करून द्यायची सक्ती नाहीये तुम्हाला."

"सक्ती नाही, माहितीये. बंदी आहे का?"

"बंदी नाही."

"मॅडम, तुमचं कोठार."

त्याच धान्यावर तिनं मोठा सरदार उतरवला आणि काकांचा किल्ला पडला. काकांनी उठून तिच्याशी हात मिळवला. साडेअकरा वाजले होते.

मला रागच आला. सात महिने माझ्या गॅलरीत तयारी केली, रजेसाठी व्यसनी ठरून घेतलं, आणि पहिल्याच फेरीत असं दान करून यायचं? "काय केलंत हे काका?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"माझ्यासमोर एनजी पीस चालला होता," ते म्हणाले. "बघून न बघितल्यासारखं कसं करू? सव्वीस वर्षांची सवय आहे." आणि खरंच, त्यांना हरल्याचं काही वाईट वाटलेलं दिसत नव्हतं. रस्त्यावर रविवारची गर्दी होती, आईस्क्रीमच्या दुकानाबाहेर पोरं, सहकुटुंब जेवायला निघालेले लोक. काका सगळीकडे बघत होते. "तुम्ही थांबा, ओंकाररावांचं बघा. मी जातो घरी," म्हणाले आणि चालायला लागले.

ओंकार पहिली फेरी जिंकला, दुसरी सुरू व्हायची होती. दीडच्या सुमारास मी जेवायला म्हणून घरी निघालो. गाडी लावायला पार्किंगमध्ये आलो, तर मीटररूमशेजारी वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काका बसलेले. डब्याची पिशवी मांडीवर. डबा उघडलेला नव्हता.

"काका? तुम्ही इथंच? किल्ली नाहीये का?"

"आहे की."

"मग वर का नाही गेलात?"

"साडेचारला जातो. रोजची वेळ आहे ती."

"अहो, दीड वाजलाय. तीन तास इथं बसणार?"

काका पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाले, "गेलो होतो. दारापर्यंत गेलो. आतून दोघींचा आवाज येत होता, गाणी लावली होती, हसत होत्या. निखिलराव, लग्नाकार्याची रजा सोडली तर मी रविवारी दुपारी घरी कधी नसतोच. त्यांचा त्यांचा रविवार बसलेला आहे इतक्या वर्षांचा. चांगलं करत असतील, खात असतील, झोपत असतील. त्यात माझी जागा कुठे आहे, मला माहीत नाही. मी मध्येच गेलो तर सगळी लाइन थांबेल."

दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराची बेल वाजवायची भीती वाटत होती. मी लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेलो आणि त्यांच्या घराची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. गाऊनवर ओढणी, हातात झाडू.

"काकू, काका खाली आहेत."

त्यांचा चेहरा उतरला. "आत्ता? ड्यूटीवरून? बरं वाटत नाहीये का त्यांना?"

"बरे आहेत. पत्त्यांच्या स्पर्धेला गेले होते. हरले. वर यायला लाजतायत."

काकूंनी झाडू भिंतीला लावला, पायात चपला सरकवल्या आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं निघाल्या. मागून प्रज्ञा, तिच्यामागून मी.

काका उठून उभे राहिले. चोरी पकडली गेल्यासारखे.

"जेवलात का?" काकूंनी विचारलं.

"डबा आहे. तुमचं झालं असेल ना? तुम्ही पडा जरा. मी येतो साडेचारला."

"साडेचारला कशाला?"

"तुमचा रविवार आहे," काका म्हणाले. "मटणबिटण केलं असेल, आराम करा."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, रविवारी कुठलं मटण? रविवारी आमच्याकडे खिचडी असते. कपडे धुवायचे, पंखे पुसायचे, वह्या तपासायच्या. मटण आपल्याकडे गुरुवारी असतं. रात्री, तुमची सुट्टी असते म्हणून. सगळं पिंपळे सौदागर गुरुवार पाळतं, मटणवाला मला नावानं ओळखतो. त्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक मी एकटी."

"पप्पा, माझा वाढदिवससुद्धा गुरुवारीच करतो आपण," प्रज्ञा म्हणाली. "कधीही येऊ दे, पुढच्या गुरुवारी केक."

काकांनी चष्मा काढला, युनिफॉर्मच्या बाहीनं पुसला आणि पुन्हा घातला. पुन्हा काढला. ही गोष्ट इतकी वर्षं दर आठवड्याला त्यांच्या ताटात वाढली जात होती, आणि त्यांच्या लक्षात आली नव्हती.

"खिचडी उरलीये का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"टाकते परत. पंधरा मिनिटं लागतील," काकू म्हणाल्या आणि डब्याची पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "चला."

तिघं लिफ्टमध्ये गेले. मलाही जेवायला बोलावलं, पण मी नाही म्हणालो. दार बंद होताना प्रज्ञा विचारत होती, पत्ते कसले, मला का नाही सांगितलं, आणि काका पहिल्यापासून समजावायला लागले होते.

तेवढ्यात ओंकारचा फोन आला. सेमीफायनलला पोचला होता, आवाज चढलेला. "काका कुठायत? फोन उचलत नाहीयेत. त्यांना बोलव ना, मागे उभे राहिले तर मला जरा धीर येईल."

"आज नाही जमायचं त्यांना," मी म्हणालो. "आज रविवार आहे, घरी आहेत ते."